रणधीररावांनी कन्येची पारख केली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे स्मरण करोन, थोरांस दंडवत घालोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहिले आहे. राज्याचे नाव सांगावयाची मनाई आहे. प्रथम गाऱ्हाणे. रणधीरराव हाकेस ओ देत नाहीत. त्यांच्या मातुश्री, आईसाहेब हौसाबाई, यांनी स्वयंपाकघरातून एक हाक मारावी, आणि दुसरी मारावी, आणि आमटी निवावी, आणि पुन्हा तापवावी, आणि मग गुडघ्यावर हात टेकोन उठावे आणि बाहेरच्या खोलीत स्वतः चालोन जावे, तो रणधीरराव टीव्हीसमोर मांडी घालोन, हाती कंट्रोलर, शेजारी लॅपटॉप उघडा, ऐसे समाधिस्थ. आईसाहेब म्हणत, "सरकार, ताटावर यायचं की ताट तिकडं धाडायचं?" रणधीरराव मान न वळविता म्हणत, "आई, दोन मिनिटं. एक पोरगा सापडलाय. सोळा वर्षांचा, डाव्या पायाचा." "मग त्यालाबी बोलव जेवायला." ऐसे रोजचे. आईसाहेबांनी सासू सोसली, दुष्काळ सोसला, दोन बाळंतपणे दिव्याच्या उजेडात सोसली, परंतु ह्या डाव्या पायाच्या पोराने त्यांचा जीव मेटाकुटीस आणिला.

आता हा पोरगा खरा नव्हे, हे वाचणाराने ध्यानी घ्यावे. रणधीरराव दिवसा फौंड्रीत चाकरी करीत आणि दिवेलागणीपासोन व्हिडिओ गेमात फुटबॉलच्या एका परमुलखी फौजेचे सेनापती होत. जुना खेळाडू विकावा, नवा घ्यावा, हाच त्यांचा राज्यकारभार, आणि ह्या कामी लॅपटॉपवर एक पारखयंत्र बाळगिले होते. यंत्राचा गुण ऐसा की खेळाडूचे नाव टाकिले की दोन आकडे सांगे, एक आजचा, म्हणजे आज केवढा खेळतो, आणि एक उद्याचा, म्हणजे वाढत वाढत कोठवर जाईल. खेरीज धाव, उडी, धीर, दुखापतीची खोड, सर्व उघडे करी. मात्र जो खेळाडू कोणी पाहिलाच नाही, त्याच्यापुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह उभे राही, मग त्या मुलखी हेर धाडावा आणि हेराने मैदानाच्या कडेस बसोन सामने पाहावे, तेव्हां कोठे आकडा उमटे. रणधीरराव येणाऱ्याजाणाऱ्यास बजावीत, "न बघता घेतला की हात पोळतात." एकदा ऐसाच कोणी गोरा न पाहता घेतला, तो गुडघ्याने अधू निघाला, आणि राव कपाळास हात लावोन बसले, तोच सूनबाई वृषालीबाई पतपेढीतून दमून आल्या, त्या दारातच चप्पल हाती घेवोन म्हणाल्या, "कोण गेलं?" ऐसे ते राज्य. आणि यंत्रात आपण आकडे भरोन नवा खेळाडूही मांडता येत असे, म्हणोन एके दिवशी आईसाहेब बोलिल्या, "माझा काढ की आकडा." मग रावांनी भरिले, धाव नऊ, जोर वीस, चढाई अठ्ठ्याण्णव, आणि उद्याचा आकडा निघाला तो आजच्याएवढाच. "म्हणजे रे?" "म्हणजे आता पुढं वाढ नाही, आई." आईसाहेब म्हणाल्या, "ते खरं बोललं," आणि तव्यावरची भाकरी उलटावयास गेल्या.

रणधीररावांस कन्या एकच, तेजस्विनी, घरात तेजू, वय तेरा, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. एके सोमवारी तिचे खेळाचे मगदूम सर घरी आले आणि म्हणाले की पोरीची निवड परगावच्या निवासी क्रीडाशाळेत होत आहे, तेथेच राहणे, तेथेच शिकणे, सुट्टीस तेवढे घरी येणे, शनिवारपावेतो काय ते कळवावे. सूनबाईंनी जागच्या जागी होकार दिला, आणि आईसाहेबांनी सरांच्या चहात साखर चमचाभर अधिक घातली, तोच त्यांचा होकार. परंतु तेजू आपल्या आजीचीच नात, ती म्हणाली, "पप्पा हो म्हणाले तर जाणार. नाहीतर नाही." सर्वांनी रणधीररावांकडे पाहिले. राव म्हणाले, "बघतो." मग मंगळवार गेला, बुधवार गेला, आणि गुरुवारी जेवते वेळी, कोणी विचारिले नसता, राव ताटाकडे पाहोन बोलिले, "तेजू, तुझे आकडे भरून बघितले यंत्रात. आजचा चाळीस. उद्याचा अठ्ठावन्न. एवढ्यावर पुढं कोण विचारत नाही. उगं तिकडं जाऊन वर्षं वाया घालवू नकोस." तेजूने तोंडातला घास चावला, गिळला, "बरं" म्हणाली, ताट उचलिले, आणि मोरीत जावोन आपले हातमोजे साबण लावोन धुवू लागली, जसे काही घडलेच नाही. सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही बाप आहात की कॅल्क्युलेटर?" आईसाहेबांनी तेवढे पुसले, "हेर कोणता पाठवला होतास?" राव म्हणाले, "घरच्या पोरीला हेर कशाला?" आणि उठोन पडद्यासमोर बसले. आईसाहेबांस त्या वेळी इतका शीण आला की हातातली पळी तेथेच आमटीत सोडोन दिली.

दुसरे दिवशी आईसाहेबांनी लग्नकार्याचे लुगडे काढिले, रिक्षा बोलाविली, आणि आजवर ज्या मैदानाची पायरी चढल्या नव्हत्या तेथे स्वारी नेली. शाळेच्या पोरी दोन तुकड्या करोन खेळत होत्या. आईसाहेब कठड्यावर बसल्या आणि पाहो लागल्या, आणि खरे लिहावे तर त्यांस खेळातले काही म्हणता काही उमजले नाही. एक पोर पळे, दुसरी तिच्यामागे पळे, आणि सर शिट्टी वाजवीत, आणि पळणाऱ्या सगळ्या हिरमुसल्या होऊन थांबत, ते कशापायी हे सरांस ठावे. तेजू दोन खांबांमध्ये उभी होती. चेंडू आला तो तिने छातीशी धरिला, दुसरा आला तो आडवी पडोन बाहेर काढिला, तिसरा पायातून आत गेला, आणि ती उठोन पुढच्या पोरीवर कडाडली, "सायमा, तिला मोकळं का सोडलीस? डोळे घरी ठेवून आलीस काय?" तेव्हां आईसाहेबांस जरा उभारी आली, कारण हा आवाज कोणत्या घराण्याचा हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. मग त्यांनी आणिक एक गोष्ट हेरिली. चेंडू पलीकडे दूर गेला, सर्वांचे डोळे त्याच्यामागे गेले, की तेजू चेंडूकडे न पाहता मैदानाच्या फाटकाकडे पाही. चेंडू परतला की मान परते, पुन्हा दूर गेला की पुन्हा फाटक. खेळ आटोपल्यावर आईसाहेबांनी तिच्या पाठीवरची माती झाडिली आणि पुसिले, "कुणाची वाट बघत होतीस गं?" "कुणाची नाही." "आजीशी खोटं?" मग पोर हातमोज्याचा पट्टा सोडवीत म्हणाली, "पप्पा म्हणाले होते, येतो एकदा. पाचवीत असताना म्हणाले होते."

आईसाहेब घरी आल्या, चप्पल काढिली, नातीस आत धाडिले, आणि लुगडे न बदलिता टीव्हीसमोर, पडदा झाकेल ऐशा बेताने, खुर्ची घेवोन बसल्या. रणधीरराव म्हणाले, "आई, सामना चालू आहे." आईसाहेब म्हणाल्या, "हरू दे. मी हेर आहे, मैदानातून आलेय. उघडा तुमचं यंत्र आणि लिहा मी सांगते ते." रावांनी लॅपटॉप ओढिला, पण हात कळफलकावर जाईना. "लिहा! धीर किती ते लिहा. आवाज किती ते लिहा, तो खण नसेल तर नवा पाडा. गोल खाल्ल्यावर किती वेळ रडत बसते, लिहा शून्य. कुणी सांगितलं अठ्ठावन्न? कुठं बघितलंत तुम्ही तिला?" तेव्हां रणधीरराव हळू बोलिले, "बघितलंय. मगदूम सर दरवेळी सामना मोबाईलवर पाठवतात. सगळे बघितलेत मी. फौंड्रीत, डबा खाताना. एकेक तीन-तीनदा." आईसाहेब सावरोन बसल्या. "मग?" "खरे आकडे सोमवारीच भरले होते, आई. उद्याचा नव्वदाच्या घरात आला. मी पुन्हा भरले, जरा कमी करून. तरी जास्तच आला. मग आणखी कमी केले. अठ्ठावन्नाला थांबलो." "का रे?" "नव्वद सांगितला असता तर पाठवायलाच लागली असती. मैदानात गेलो असतो तर तिथंच सरांपुढं हो म्हणून बसलो असतो. ती गेली की ह्या घरात काय राहतंय? वृषाली तिच्या कामात, तू तुझ्या भांड्यांत, मी ह्याच्यासमोर." ऐसे म्हणोन रावांनी कंट्रोलर जमिनीवर ठेविला, आणि मागे पडद्यावर त्यांची फौज सेनापतीवाचोन तशीच उभी राहिली.

येणेप्रमाणे हे वर्तमान जाहले. तात्पर्य काढावयाचे तर इतकेच, की यंत्राने लबाडी केली नाही, जे भरिले तेच सांगितले. आईसाहेबांस वाटले होते की आज पोटभर भांडावे, परंतु समोर बसलेला मनुष्य पाहोन भांडणाचा कंटाळा आला, आणि मग त्यांनी तुम्ही-सरकार सर्व बाजूस ठेविले आणि निवाडा दिला तो तोंडी, दमल्या आवाजात दिला:

"रण्या, घर ओकं होतंय म्हणून पोरगी कोंडून ठेवायची असती, तर मी तुझ्या बहिणीला सासरी धाडली नसती, आणि तुलाबी पुण्याला शिकायला सोडला नसता. तू गेल्यावर मी दोन महिने तुझं ताट वाढत होते, हे तुला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. ते सोसायचं असतं, ते पोरांच्या अंगावर घालायचं नसतं. ती किती चांगली खेळते हे तुला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक नव्हतं, आणि तू चार घास जेवून झोपलास. हा तुझा गुन्हा. उद्या शनिवार, सरांना हो कळव. ती जाईल, डबा मी करीन, बॅग तू उचलशील. आता ऊठ. आत जा आणि तिला सांग, तू फार चांगली खेळतेस म्हणून. आकडा सांगू नकोस. आणि रडायला लागली तर समजूत काढू नकोस, नुसता तिच्याजवळ बस."