पुतळ्याची विजार

माझ्या हातात टेप आली की कुठलंही अंग सुटत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. ढेरपोटे, पाठीला बाक आलेले, एक खांदा पडलेले, सगळे माझ्या दुकानातून ऐटीत बाहेर पडतात. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं तेव्हा तर मी हवेतच होतो. चारशे मुलांच्या गणवेशाचं काम निघालं होतं, आणि आमच्या हिने दुसऱ्या मशीनला जागा हवी म्हणून घरातलं कपाटसुद्धा हलवून ठेवलं होतं.

बाई मला सभागृहात घेऊन गेल्या. तिथे चौथऱ्यावर कुठल्याशा प्राचीन मूर्तीची प्लास्टरची नक्कल उभी होती. माणसाएवढा उंच, पिळदार गडी, आणि अंगावर सुताचा धागा नाही.

"मास्तर, उद्या कार्यक्रम आहे. पालक येणार. याला विजार शिवा."

"याला?"

"हे जमलं तर गणवेशही तुमचेच."

मग काय विचारता! चढलो चौथऱ्यावर. गिऱ्हाईक असावं तर असं. हलत नाही, गुदगुल्या होत नाहीत, पोट आत ओढून खोटं माप देत नाही. कंबर, सीट, मांडी, सगळं घेतलं. दोन शिक्षिका जाता जाता थबकल्या, तेव्हा मी नजर टेपवरून हलवली नाही.

संध्याकाळपर्यंत विजार तयार झाली. इस्त्री करता करता हिने विचारलं, "रंग आवडेल ना हो त्याला?"

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या तासभर आधी विजार घेऊन गेलो, पुतळ्याच्या पायाशी बसलो आणि तसाच बसून राहिलो. त्याचे दोन्ही पाय चौथऱ्याला चिकटलेले. वर आधाराला म्हणून डाव्या पायाला झाडाचा एक बुंधाही जोडलेला. तीस वर्षं शिवतोय, पण विजार चढवायचं काम गिऱ्हाईक स्वतः करतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पाय उचलत नाही तो."

"मग तुम्ही उचला ना."

आता यांना काय सांगणार! मी विजार दोन्ही बाजूंनी उसवली, पुढचा भाग पुढून लावला, मागचा मागून, आणि सुईदोऱ्याने त्याच्या अंगावरच शिवायला घेतली. बुंध्यालाही आत घेतलं. इभ्रतीचा प्रश्न होता, म्हणून दोरा दुहेरी घातला. एवढं करून एक पाय दोन बोटं आखूड दिसत होता, तो का, ते काही कळेना.

शेवटचा टाका घालून मी पुतळ्याच्या कमरेला मिठी मारून दोरा तोडत होतो, तेवढ्यात प्रमुख पाहुण्या आल्या. अर्धा तास आधीच. पांढऱ्या केसांच्या, सगळी हयात मूर्ती घडवण्यात घालवलेल्या बाई.

"याला कपडे घालताय की काढताय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

आमच्या बाईंचा चेहरा साफ उतरला. "काढतायत," त्या म्हणाल्या. "कुणीतरी खोडसाळपणा केलाय. हो ना, मास्तर?"

"हो," मी म्हणालो. चारशे गणवेश होते.

"काढा मग. कात्री नको, प्लास्टरला ओरखडा पडेल."

झालं. एकेक टाका मी सुईने उसवत बसलो आणि माझ्याच हाताला मनातल्या मनात शिव्या घालत राहिलो. मुलं आली, पालक आले, सभागृह भरलं. पाहुण्यांनी तिथेच उभं राहून बोलायला सुरुवात केली.

"बघा, सगळा भार एका पायावर आहे, म्हणून कमरेची एक बाजू वर गेलीये. कपड्यांत चूक लपते, उघड्या अंगात लपत नाही. म्हणून तर हजारो वर्षं कलावंत उघडं शरीर घडवत आलेत."

तो पाय आखूड का, ते मला तेव्हा कळलं. पुतळ्याला कुणीही हसत नव्हतं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. शेवटी विजार खाली आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

विजार बगलेत मारून मी दाराकडे सटकलो, तर बाईंनी गाठलंच. संपलं, काम गेलं, आता हिला काय तोंड दाखवू, असं झालं मला.

"मास्तर, शिलाई मात्र पक्की हो तुमची. उसवता उसवेना. गणवेश तुम्हीच शिवा."

माझा जीव भांड्यात पडला.

"फक्त आधी एक नमुना पाठवा," बाई म्हणाल्या. "मुलांना तो घालता-काढता येतो का, ते बघून मग नक्की करू."