बापाच्या काठीचं माप

व्हर्नाने सकाळच्या कॉफीचा कप दोन्ही हातमोज्यांत धरला, अंगातल्या कोटाची कॉलर वर केली आणि नवऱ्याला सांगून टाकलं की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत दिवाणखाना गरम झाला नाही, तर ती हिवाळाभर बहिणीकडे, ग्लेनिसकडे, उबदार फ्लोरिडाला जाऊन राहणार. हे तिने चिडून सांगितलं असतं तर अल्डन हॅस्कलला काहीच वाटलं नसतं. थंडी पडायला लागली की ती दरवर्षीच चिडायची. या वेळी मात्र ती शांतपणे बोलली आणि बोलून झाल्यावर टोस्टला लोणी लावत बसली. ते पाहून अल्डनने आपला टोस्ट खाली ठेवला.

"ग्लेनिसची खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं म्हणे."

"लिंबाचं झाड बघायला एवढ्या लांब जायचं?"

"झाड गेलं खड्ड्यात. मला कोट काढून बसायचंय, अल्डन."

त्यांच्या दिवाणखान्यातली फायरप्लेस अल्डनच्या बापाने स्वतःच्या हाताने बांधलेली. तोंड एवढं मोठं की आत वासरू उभं राहील. पण अर्धं जंगल जाळलं तरी ऊब सगळी धुराड्यातून वर जायची आणि तिचा लाभ व्हायचा छपरावरच्या कावळ्यांना. समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजायचे आणि पाठ गोठायची. एकदा ग्लेनिसचं ऑपरेशन झालं तेव्हा व्हर्ना आठवडाभर तिच्याकडे गेली होती. त्या आठवड्यात अल्डनने डब्यातले बीन्स उभ्याउभ्या गार खाल्ले आणि संध्याकाळी तो भिंतीवरच्या घड्याळाशी बोलला. घड्याळाने उलट उत्तर दिलं नाही, याचंच त्याला फार वाईट वाटलं होतं. आता अख्खा हिवाळा म्हणजे गंमत नव्हती.

यावर उपाय काय ते आमच्या मेन राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फायरप्लेसच्या पोटात काचेच्या दाराची लोखंडी बंद शेगडी बसवायची. मूठभर लाकडांत रात्रभर ऊब. प्रश्न एवढाच होता की शेगडी नवी घ्यायची की वापरलेली. व्हर्ना म्हणाली नवी. दुसऱ्याच दिवशी ती त्याला तालुक्याच्या गावातल्या दुकानात घेऊन गेली.

दुकानातल्या ट्रूडी नावाच्या बाईने एक शेगडी पेटवूनच ठेवली होती. व्हर्ना शेगडीसमोर जाऊन उभी राहिली, कोटाचं एक बटण काढलं, मग दुसरं. तिचा चेहरा असा खुलला की अल्डन खिसा चाचपायला लागला. तेवढ्यात त्याने सहज विचारलं, यात लाकूड केवढं मावतं? ट्रूडीने दोन्ही हात समोर धरून दाखवलं. सव्वा फूट.

अल्डनचा हात खिशातच राहिला. त्याच्या शेडमध्ये तीन हिवाळ्यांचं लाकूड रचलेलं होतं. ओक आणि मेपल, वाळून खडखडीत, आणि एकूण एक ओंडका दोन फुटांचा. शेडच्या खिळ्याला त्याच्या बापाची मापाची काठी टांगलेली असायची. बाप त्या काठीवर धरून लाकूड तोडायचा आणि अल्डनही तसाच तोडायचा. "अरे, जरा आखूड तोड, मला उचलवत नाहीत," असं व्हर्ना लग्न झाल्यापासून सांगत होती. "हॅस्कलांच्या घरात लाकूड दोन फुटांचंच असतं," असं तोही लग्न झाल्यापासून सांगत होता. आता कुठल्या तोंडाने कबूल करायचं?

त्यामुळे परतताना गाडीत त्याने वेगळंच काढलं. हल्लीचं लोखंड पातळ असतं, काच टिकत नाही, जुनं ते भक्कम, वगैरे. व्हर्नाने खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं.

"थँक्सगिव्हिंगपर्यंत," ती म्हणाली. "नवी घे, जुनी घे, नाहीतर रेड्याच्या पाठीवर बसून आण. माझी बॅग माळ्यावर आहे."

जुनी शेगडी होती शेजारच्या होलिसच्या गोठ्यात. त्याची मावशी वारली तेव्हापासून शेगडी तिथे पडून होती आणि तिच्यावर कोंबड्यांनी संसार थाटला होता. होलिस म्हणाला, पैसे नकोत, उचलून ने म्हणजे झालं. अल्डनने आत बापाची काठी आडवी घालून पाहिली. बरोब्बर मावली. घरी येऊन त्याने फायरप्लेसच्या तोंडाला काठी लावली. तिथेही जागा भरपूर. त्याला इतका आनंद झाला की मागच्या बाजूला माप घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. फायरप्लेस आत निमुळती होत जाते हे ज्याला कळतं तो माणूस वेगळा, आणि ज्याच्या हातात बापाची काठी आहे तो वेगळा.

शनिवारी सकाळी होलिसने ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी सुपात शेगडी आणली. पहिली अडचण दाराची. आमच्याकडे सगळे मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानेच ये-जा करतात. पण तिथे शेड, मग बोळ, मग कोठीचा काटकोन. शेगडी वळेना. राहिलं समोरचं दार.

समोरचं दार ही आमच्या गावात वापरायची गोष्ट नाही. ते नवरीसाठी असतं आणि शवपेटीसाठी. हॅस्कलांचं दार शेवटचं उघडलं होतं ते अल्डनच्या बापाला बाहेर काढताना. त्यानंतर फटीत लोकरीच्या चिंध्या, बाहेरून वारा अडवायला दर थंडीत रचलेल्या फांद्या, आणि वर रंगाचे थरावर थर. होलिस दोनदा म्हणाला की राहू दे. अल्डनने पहार आणली. दार उघडेना, तेव्हा त्याने ते बिजागऱ्यांसकट उचकटलं आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

शेगडीखाली रूळ म्हणून त्यांनी शेडमधलेच ओंडके घातले. सगळे एका मापाचे, त्यामुळे शेगडी अशी सुरेख घरंगळत गेली की अल्डनने होलिसला ऐकवलं, बघ, यासाठी माप लागतं. शेगडी दिवाणखान्यात आली, फायरप्लेसच्या तोंडात शिरली, अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली.

"मागे अरुंद आहे रे," होलिस म्हणाला.

"ढकल."

"अल्डन, वीट आहे ती. सरकत नसते."

"ढकल म्हणतो ना."

दोघांनी खांदा लावला, पहार लावली, मग पाय लावले. शेगडी तसूभर आत गेली आणि विटांत अशी रुतली की आत जाईना आणि बाहेर येईना. म्हणजे आता जुनी फायरप्लेसही पेटवता येणार नव्हती. दार परत बसवावं म्हटलं तर चौकट फुगली होती. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं आणि वारा थेट दिवाणखान्यात येऊन पडदे हलवायला लागला. व्हर्ना जिन्यात उभी राहून हे सगळं पाहत होती. मग ती वर गेली. थोड्या वेळाने माळ्यावरून बॅग ओढल्याचा आवाज आला.

होलिस आणखी मोठी पहार आणतो म्हणून ट्रॅक्टर घेऊन सटकला. अल्डन समोरच्या पायरीवर येऊन बसला. घामाने डोकं निथळत होतं म्हणून त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आता शनिवार हा आमचा कचऱ्याचा दिवस. त्या दिवशी अख्खा गाव आपापला कचरा गाडीत घालून गावाबाहेरच्या डेपोवर जातो, आणि रस्ता जातो हॅस्कलांच्या घरावरून. गावाने काय पाहिलं? हॅस्कलांचं समोरचं दार सताड उघडं. अल्डन पायरीवर एकटा, मान खाली, आणि टोपी काढलेली. अल्डनला बिनटोपीचा लोकांनी फक्त अंत्यविधीलाच पाहिला होता. गाड्या हळू व्हायच्या, आतली माणसं काही तरी पुटपुटायची आणि गाड्या कचरा न टाकताच मागे फिरायच्या.

सगळ्यांत आधी आल्या नव्वदीच्या विनिफ्रेड पॉटलबाई. काळा कोट, हातात बीन्सचं गरम भांडं, भांडं परत मिळावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर त्यांचं नाव. त्यांनी भांडं अल्डनच्या मांडीवर ठेवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आम्हाला कळलं रे पोरा."

होलिसच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अल्डनला माहीत होतं. व्हर्ना फ्लोरिडाला निघाल्याचं त्याने गावभर केलं, हे उघड होतं. तरी एवढ्यासाठी पॉटलबाई या वयात चालत आल्या याने त्याला भरून आलं. मग आणखी लोक आले. मॅकरोनीचं भांडं आलं, टूना माशाचं आलं, पाठोपाठ ब्लूबेरीचे केक आले. बायका दिवाणखान्यात बसल्या. पुरुष समोरच्या दाराशी टोप्या हातात घेऊन भिंतीला टेकले. फायरप्लेसमध्ये अर्धी शिरलेली शेगडी सगळ्यांनी पाहिली, पण अशा वेळी विचारणार कोण? जो तो व्हर्नाबद्दल चांगलं बोलत होता. तिच्यासारखं लोणचं कोणाला जमत नव्हतं. एवढी वर्षं तिने अल्डनला सोसलं, यावर तर सगळ्यांचं एकमत झालं.

"तू दोन शब्द बोल, पोरा," पॉटलबाई म्हणाल्या. "मन मोकळं होतं."

अल्डन उठला. चार लोकांत बोलायची त्याला सवय नव्हती, पण या लोकांनी एवढं जेवण आणलं होतं.

"तिचं चुकलं नाही," तो म्हणाला. "चूक माझी. ती नवी शेगडी घे म्हणत होती. मी घेतली नाही, कारण नवीत सव्वा फुटाचं लाकूड लागतं आणि माझं सगळं दोन फुटांचं. ती जन्मभर सांगत होती, आखूड तोड. मला वाटलं, बापाच्या काठीपुढे हिला काय कळतं. ती नसली की मला या घरात बसवत नाही. तिच्याशिवाय हिवाळा कसा काढायचा ते मला माहीत नाही. एवढंच."

बायकांनी रुमाल काढले. होलिस मोठी पहार घेऊन नुकताच आत आला होता, त्याने पहार हळूच खाली ठेवली.  तेवढ्यात जिन्यावर बॅग खाली टेकल्याचा आवाज आला.

"हे मला आधी सांगितलं असतंस तर?" व्हर्ना म्हणाली.

पॉटलबाईंच्या हातातली बशी पडली. कोणी तरी देवाचं नाव घेतलं. व्हर्ना हातमोजे घातलेल्या अवस्थेत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती आणि तिच्या शोकाला जमलेला गाव आ वासून तिच्याकडे बघत होता. तिने उघड्या दाराकडे पाहिलं, काळ्या कोटांकडे पाहिलं, टेबलावरच्या भांड्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि सगळा प्रकार तिच्या लक्षात आला. अल्डनच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"लोणच्याचं कोण बोललं?" तिने विचारलं.

एका बाईने घाबरत हात वर केला.

"एक बरणी घेऊन जा," व्हर्ना म्हणाली आणि बॅग वर ठेवायला गेली.

जमलेल्या पुरुषांत सहा जण असे होते, जे शवपेटीला खांदा द्यायला म्हणून काळे बूट घालून आले होते. आता आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी शेगडीला हात घातला. पहारीने विटा जरा खरवडल्या, सहा जणांनी ताल धरला आणि शेगडी सुटली. रूळ घालायचं कोणाला सुचलंच नाही. तिघे या बाजूला, तिघे त्या बाजूला, संथ पावलं टाकत त्यांनी ती समोरच्या दारातून बाहेर नेली. ती नजरेआड होईपर्यंत अल्डनने टोपी घातली नाही.

नवी शेगडी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आली. ती स्वयंपाकघराच्या दारातून, कोठीचा काटकोन वळून, निमूटपणे आत आली. धुराड्यात नवा नळ बसला, समोरचं दार पुन्हा चिंध्या कोंबून बंद झालं. अल्डन करवत घेऊन शेडमध्ये गेला आणि बघतो तर खिळ्याला काठी होती, पण ओळखू येईना. ती सव्वा फुटाची झाली होती. कापलेलं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलेलं होतं.

तो काठी हातात घेऊन तसाच दिवाणखान्यात गेला. व्हर्ना शेगडीसमोर बसून स्वेटर विणत होती. अंगात कोट नव्हता. शेजारी पॉटलबाईंनी पुन्हा पाठवलेल्या बीन्सची वाटी होती.

"बापाचीच काठी आहे," ती वर न बघता म्हणाली. "ही धरून तोड."

"आणि उरलेला तुकडा?"

व्हर्नाने सुईच्या टोकाने शेगडीच्या काचेकडे खूण केली. आत लहानशी, स्वच्छ पिवळी ज्योत होती आणि धूर अजिबात नव्हता.

"छान पेटला," ती म्हणाली. "वाळलेला होता अगदी."