ऐकू येईल तसं म्हणा

साहेब तपासणीला वर्गात आले आणि फळ्याशेजारच्या खुर्चीत बसले, तेव्हाच बाईंनी त्यांना ओळखलं. गेल्या तपासणीत याच गृहस्थांनी शेरा मारला होता, 'बाईंचे इंग्रजी उच्चार सदोष.' पुन्हा तोच शेरा आला, तर नोकरी कायम होणं राहू द्या, आहे तीही जाणार होती. त्यात साहेबांचा चेहरा आज असा काही आवळलेला, की बघणाऱ्याला घाम फुटावा!

पण बाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. आपण तोंड उघडायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. उच्चार शिकवणारं एक फुकटचं ॲप त्यांना सापडलं होतं. फोन स्पीकरला जोडायचा. आतली मॅडम शब्द म्हणेल, मग मुलं म्हणतील. "जे ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं. डोकं चालवायचं नाही," हे त्यांनी वर्गाकडून रोज घोटून घेतलं होतं.

"वेस्ट," फोनमधली मॅडम म्हणाली.

ओठांचा चंबू करून मुलं म्हणाली, "वेस्ट!"

"व्हेस्ट."

सगळ्यांनी खालचा ओठ दातांखाली घेतला. "व्हेस्ट!"

साहेबांच्या भुवया वर गेल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच घात झाला. फुकटचं ॲप ते! मध्येच जाहिरात लागली.

"आर यू सफरिंग फ्रॉम कॉन्स्टिपेशन?" एका भारदस्त आवाजाने विचारलं.

"आर यू सफरिंग फ्रॉम कॉन्स्टिपेशन?" अख्ख्या वर्गाने साहेबांना विचारलं.

बाईंनी फोनवर झडप घातली. घामेजलेलं बोट नुसतं घसरत राहिलं, मेली जाहिरात काही बंद होईना.

"नो मोशन फॉर थ्री डेज?"

'थ्री' म्हणताना एकूण एक जीभ बरोबर दातांत होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी बाईंना कौतुकाने भरून आलं असतं.

"अगं बाई!" बाई किंचाळल्या.

"अगं बाई!" वर्ग किंचाळला.

"अरे, गप्प बसा!"

"अरे, गप्प बसा!" हे मुलांनी साहेबांच्या तोंडावर सुनावलं.

शेवटी बाईंनी स्पीकरची वायरच उपटली. साहेब लालबुंद होऊन उठले. संपलं सगळं, बाईंना वाटलं. साहेब टेबलापाशी आले, वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काय हो बाई, गोळीचं नाव यायच्या आतच बंद केलंत?"

"अं?"

"लावा ना परत. तीन कसले, माझा आज पाचवा!"

पहिल्या बाकाने ते ऐकलं. मग काय विचारता!

"तीन कसले, माझा आज पाचवा!" वर्ग गरजला.

मुख्याध्यापिका धावत दारात आल्या, तसं बाईंनी हात वर करून वर्गाला थोपवलं. "पाचवा? काय पाचवा?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"वर्ग हो, मोठ्या बाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "साहेबांनी आज तपासलेला पाचवा वर्ग. असे उच्चार आधीच्या एकाही वर्गात ऐकले नाहीत, म्हणत होते. हो ना, साहेब?" आणि त्यांनी वर केलेला हात खाली घेतला.

साहेबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. समोर सगळ्या वर्गाने तोंड उघडलं. साहेबांनी घाईघाईने तोंड मिटलं आणि मुकाट्याने शेरा लिहिला, 'बाईंचे इंग्रजी उच्चार निर्दोष. कायम करावे.'

त्या अख्ख्या तासात बाईंनी इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला नव्हता.