इंजिनाला दम खाऊ द्या

आमच्या कॉलनीतले नाना रोज सकाळी आपल्या गाडीचा वास घेतात. म्हणजे अगदी दार उघडून, डोकं आत घालून, सीटला नाक लावून. दूध आणायला निघालेली माणसं थांबून बघतात, पण नानांना त्याचं काही नाही. डोकं बाहेर काढून ते एवढंच म्हणतात, "अजून आहे." काय आहे, हे विचारायची सोय नाही. विचारलं की आपल्यालाही आत वाकून हुंगावं लागतं. मी बऱ्याचदा हुंगलंय. मला गाडीत गाडीचाच वास आला.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे शिरपूरकडचे, पण जळगावात घर करून जमाना झाला. आमच्याशी बोलताना भाषा ऑफिसातली, आणि घाई झाली किंवा डोकं फिरलं की अहिराणी. गाडी सात माणसांची, डिझेलवरची, जुनी पण धडधाकट.

दिवाळी झाली आणि नानांनी जाहीर केलं, "फाल्गुनात दापोली. गाडी तयार करायला घेतो." दापोलीला त्यांची एकुलती एक लेक सुजाता. तिचं पहिलंच बाळंतपण. रीतीप्रमाणे तिनं माहेरी यायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. म्हणून माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे अक्का, नानांच्या मंडळी. आणि तिथंच सगळं घोडं अडलं होतं.

अक्कांना गाडी लागते. थोडीथोडकी नाही, बस सुटायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरतो. पूर्वी एकदा पुतण्याच्या लग्नाला जाताना त्यांच्यासाठी जीप सारखी थांबवावी लागली, तेव्हा कुणी चुलत दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनींपायी आज मुहूर्त टळतो बघा." त्यानंतर भाजीबाजाराच्या पलीकडे अक्का कुठल्याच वाहनात बसल्या नाहीत. रेल्वेनं जावं, तर शेवटी घाट काही चुकत नाही. त्यांनी लेकीला फोनवर सांगून टाकलं, "बाबा येतील, मी लाडू पाठवते. मी आले तर तुझ्याआधी माझंच करावं लागेल, बाई." फोन ठेवला आणि ओटा पुसत राहिल्या. आमची ही तेव्हा तिथंच होती. ओटा कोरडा ठणठणीत होता म्हणे.

नाना मात्र गाडीत गुंग. आधी त्यांनी डॅशबोर्डवरची सेंटची बाटली काढून टाकली. मग रेक्झिनची कव्हरं उतरवून जुन्या सुती लुगड्यांची शिवून घेतली. डिझेलचा पाइप बदलला. खालचे पाटे बदलायला लावले, कारण "गाडीला धक्का सोसत नाही." आमचे फिटर रफिकभाई एक दिवस वैतागून म्हणाले, "नाना, गाडी एकदम फिट है. अब इसको छोड दो."

"फिट असती तर तापली असती का?" नाना म्हणाले. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

इंजिन तापतं, हे नानांचं खूळ. ते तपासायला फेऱ्या सुरू झाल्या. पहिली फेरी जवळच्याच असोद्याची. "रिकाम्या गाडीत दोष कळत नाही. तू पुढे बस, वजन म्हणून," असं बायकोला सांगितलं. बायकोला वजन म्हणून नेणारा हा पहिलाच नवरा मी पाहिला. अक्का हातात लिंबू धरून, देवाचं नाव घेत बसल्या आणि असोद्याहून धड परत आल्या.

मग फैजपूरची फेरी. मागच्या सीटवर वजन म्हणून मी. केळीच्या बागा लागल्या आणि नानांनी एकदम ब्रेक मारला.

"इंजिन तापी गये! उतरा बठ्ठा! त्याले दम खावू द्या."

आम्ही सगळे उतरलो. बॉनेट उघडून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी पुढे जाऊन इंजिनाला हात लावला. पौषातली थंडी. आमच्या घरचा दुसऱ्यांदा मागितलेला चहासुद्धा याहून गरम असतो.

"नाना, अहो हे तर..."

"तुम्ही मास्तर माणूस. तुम्हाला यातलं काय कळतं?"

अक्का बागेच्या कडेनं चार पावलं फिरल्या, लिंबू हुंगलं, चूळ भरली. त्यांच्या तोंडावर रंग आला आणि इकडे इंजिनही गार झालं. गाडीत बसताना त्या मला हळूच म्हणाल्या, "गाडीच थांबते ते बरं आहे, भाऊ. थांबा म्हणायची मला मेली फार लाज वाटते."

माघात नाना आणि मी एका लग्नासाठी धुळ्याला निघालो. अक्का आल्या नव्हत्या. वाटेत चिकार थांबावं लागणार म्हणून मी पेपर आणि केळीच्या वेफर्सची पुडी घेतली होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. नाना असे हाणत होते की मी वरची कडी धरून बसलो. धुळे आलं तरी पुडी तशीच.

"नाना, आज इंजिन तापलं नाही?"

"त्याला काय धाड भरलीय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. गाडी बंद केली, पण उतरेनात.

"तिला सांगू नका, भाऊ. गाडीचं दुखणं म्हटलं की तिला ओशाळं वाटत नाही. शिव्या काय, गाडी खाईल." मग स्टिअरिंग पुसत म्हणाले, "पोरीजवळ आई पाहिजे हो अशा वेळी. मी जाऊन काय करणार?"

एरवी मी या माणसाची टिंगल करतो. त्या दिवशी मला त्यांचा फार लोभ वाटला.

फाल्गुनात दोघं निघाले, मजल दरमजल करत पोचले. पुढच्याच आठवड्यात अक्कांचा फोन. "नात झाली हो, भाऊ! दोघी सुखरूप आहेत. बाळाला मीच न्हाऊ घातलं. मला काही झालं नाही, पण या गाडीनं नुसता छळ मांडला. घाटात तर दर वळणावर तापायची. यांना म्हणावं, विकून टाका आता ते धूड."

मी म्हटलं, सांगतो.

अक्का बाळंतिणीसाठी तिकडेच राहिल्या. नाना एकटे परतले. पहाटे दापोली सोडून दिवेलागणीला दारात हजर.

"एका दमात आलात? वाटेत कुठे थांबला नाहीत?"

"थांबून करायचं काय?" म्हणाले आणि कुलूप उघडून अंधाऱ्या घरात गेले.

सकाळी दूध आणायला निघालो तर नाना पुन्हा गाडीत डोकं घालून. या खेपेला पुढच्या, डावीकडच्या सीटवर. बराच वेळ.

"अजून आहे का हो?" मी विचारलं.

"आहे," नाना म्हणाले. "लिंबाचा."

आणि मला हुंगायला न बोलावता त्यांनी काच नीट वर केली, दार हळूच लावून घेतलं.