केशरी सुटाचं माप

जयवंत टेलरांनी मंगळवारी सकाळी त्या केशरी सुटाचे पाय चार-चार इंचांनी आखूड केले, सूट खुंटीला लावला, शटर ओढलं आणि बायकोबरोबर घरी जेवायला गेले. चार वाजता परत येऊन शटर वर केलं, तर सुटाचे पाय पुन्हा जमिनीला टेकले होते.

"मुडप तू उसवलीस?" त्यांनी विचारलं.

"मी कधी उसवनार?" मनोरमा म्हणाली. "तुमच्यासमोर बसून बोंबील खात होती ना मी. मध्ये उठली ती तुम्हालाच पानी द्यायला."

हे खरं होतं. शिवाय मुडप उसवलेली नव्हतीच. ती जशी परदेशातल्या कारखान्यात घातली गेली असेल तशीच्या तशी होती, बारीक राखाडी दोऱ्याची. जयवंतांनी सकाळी वापरलेला केशरी दोरा कुठेच दिसत नव्हता.

वसईत पापडीच्या तलावाजवळ जयवंतांचं दुकान चौतीस वर्षं होतं. नवे कपडे शिवून घेणारी माणसं केव्हाच संपली होती. आता लोक मॉलमधून तयार पँट आणायचे आणि तिचे पाय कमी करायला जयवंतांकडे द्यायचे. एवढ्याशा कामातही त्यांनी अभिमान शोधला होता. "माझ्या हातून गेलेला कपडा परत येत नाही. येईल त्या दिवशी कात्री खाली ठेवीन," असं ते पानवाल्यापासून पाद्रीसाहेबांपर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. त्यामुळे काही मंडळी त्या दिवसाची वाट बघत होती, आणि मनोरमाला त्या दिवसाची धास्ती होती. कात्री खाली ठेवलेला नवरा दिवसभर घरात वावरणार, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

सूट धनेशचा होता. धनेश कामणच्या एका गोदामात सुपरवायझर होता. तिथे परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायचे, त्यातलाच हा बर्फावर घसरायचा सूट. आत जाड भरण, बाहेर पाणी न शिरणारं कापड आणि पायाच्या आत आणखी एक रबरी पट्टीचा पाय, बुटात बर्फ जाऊ नये म्हणून. गुडघ्याला वीतभर फाटलेला. कॉलरच्या आत शाईने कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं, ते धुऊन धुऊन पुसट झालं होतं. शुक्रवारी धनेश बायकोबरोबर गुलमर्गला निघणार होता.

"काका, गुडघा शिवा आणि हातपाय कमी करा," सूट देताना तो म्हणाला होता. "ज्याचा होता तो माणूस जरा उंच होता."

"होता?"

"म्हणजे असेल. मला काय माहीत."

धनेश स्वतः पाच फूट तीन इंच. जयवंतांनी त्याला टेप लावली नव्हती, कारण ते कुणालाच लावायचे नाहीत. अंग खोटं बोलतं, असं त्यांचं मत होतं. टेप दिसली की माणूस श्वास रोखतो, पोट आत घेतो, टाचा उचलतो. म्हणून त्यांच्याकडे मापाला कपडा द्यावा लागे. अंगाला नीट बसणारा एखादा जुना कपडा आणायचा, त्यावरून जयवंत माप काढायचे आणि वहीत त्या माणसाच्या पानावर लिहायचे. वहीत लिहिलं ते माप, मग माणूस काहीही म्हणो. धनेशने मापाला करडी पँट आणि एक शर्ट ठेवला होता.

बुधवारी जयवंतांनी मुडप घालण्याचा नाद सोडला आणि सरळ कात्री लावली. एरवी ते कापड कधी कापत नसत. उद्या माणूस वाढला, सुटला, तर सोडता यावं म्हणून आत माया ठेवायची, ही त्यांची पद्धत. पण हा सूट माया ठेवण्याच्या लायकीचा नाही, असं त्यांचं मत झालं होतं. पायांचे चार-चार इंच कापले, बाह्यांचे अडीच-अडीच इंच कापले. ती कापडाची चार केशरी कडी मनोरमाने चिंध्यांच्या पिशवीत टाकली. जयवंतांनी शटरला दोन कुलुपं लावली आणि दोघं घरी जेवायला गेली.

चार वाजता सुटाचे पाय जमिनीला टेकलेले होते. मनोरमाने चिंध्यांची पिशवी उपडी केली. चारही केशरी कडी पिशवीतच होती.

गुडघ्याचं ठिगळ मात्र शाबूत होतं. जयवंतांनी त्यावर मगभर पाणी ओतून पाहिलं, आत थेंब शिरला नाही. काम फर्स्ट क्लास झालं होतं आणि सुटाने ते ठेवून घेतलं होतं.

"ह्याला दुरुस्ती चालते हो," मनोरमा हळूच म्हणाली. "कापलेलं चालत नाय."

"गिऱ्हाईक धनेश आहे. सुटाला कोणी विचारलंय?"

"विचारून बघा ना मग एकदा."

जयवंतांनी विचारलं नाही, पण सुटाजवळ जायचंही टाळलं. वसईच्या जानेवारीत दुपारी बनियन अंगाला चिकटतं, आणि त्या खुंटीपाशी उभं राहिलं की तोंडातून वाफ यायची. शेजारच्या आरशावर धुकं धरायचं. जयवंत ते पुसायचे, पुन्हा धरायचं. धुक्यात एकदा त्यांना आपल्या मागे कुणी उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर फक्त सूट होता, आणि त्याच्या बाह्या किंचित पुढे आल्या होत्या, माप द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या येतात तशा. मनोरमाने मात्र गुरुवारी सकाळी वटारहून माहेरची पालेभाजी आली ती सरळ सुटाच्या पायाशी ठेवली. जयवंतांनी नजरेनेच विचारलं.

"टवटवीत राहते," ती म्हणाली. "फ्रीजात जागा नाय."

गुरुवारी संध्याकाळी धनेश सूट न्यायला येणार होता. जयवंत पुरते रडकुंडीला आले होते. सूट असाच दिला तर तो परत येणार, आणि परत आला की कात्री खाली. त्यांनी ठरवलं, पहिल्यापासून सुरुवात करायची. कुठेतरी मापातच घोळ असणार. त्यांनी धनेशचं जुनं माप खोडलं, सूट, करडी पँट आणि शर्ट टेबलावर ठेवले आणि नेहमीप्रमाणे मनोरमाने टेप धरून आकडे सांगायचे, त्यांनी मान खाली घालून लिहायचे, असं काम सुरू झालं.

"पाय आतून एकतीस. कंबर चौतीस. बाही पंचवीस."

"धनेशचं झालं," जयवंत म्हणाले. "आता सुटाचं सांग."

मनोरमाने पुन्हा टेप लावली. "पाय आतून एकतीस. कंबर चौतीस. बाही पंचवीस."

जयवंतांनी वहीतले दोन्ही आकडे तीनदा पाहिले. फरक शून्य होता. चौतीस वर्षांत त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"बघ," ते म्हणाले. "सूट त्याच्या मापाचाच आहे. आपण उगाच दोन दिवस कापत बसलो."

सहा वाजता धनेश आला. जयवंतांनी त्याला सूट दिला आणि ट्रायलच्या पडद्याआड पाठवलं. आतून कापड घासल्याचा सर्र सर्र आवाज येत राहिला. फार वेळ येत राहिला. मध्येच धनेश हसल्यासारखं वाटलं, पण तो आवाज त्याच्यापेक्षा भारदस्त होता.

"धनेश, बरा आहेस ना?" जयवंतांनी विचारलं.

पडदा सरला. सूट सुरेख बसला होता. पायाला सुरकुती नाही, बाही मनगटावर बरोबर थांबलेली. धनेश आरशासमोर उभा राहिला, तर आरशात त्याचा चेहरा हनुवटीपर्यंतच दिसत होता.

"खिळा निसटून आरसा खाली आला वाटतं," जयवंत म्हणाले.

"काका, मस्त," धनेश म्हणाला. "अंगासरसा झालाय एकदम. घालूनच जातो." आणि तो तसाच, संध्याकाळच्या उकाड्यात, बर्फाचा सूट घालून स्कूटरवर बसून निघून गेला. जाताना त्याचे गुडघे हँडलला लागत होते.

जयवंतांनी सुटकेचा श्वास सोडला. मनोरमा टेबल आवरत होती. आवरता आवरता ती थांबली.

"अहो, ही करडी पँट."

"काय तिचं?"

"सुटाखाली होती, शर्टासकट. सकाळपासून घडीतच हाय. मी मापली कधी?"

जयवंतांनी पँट उलगडली, टेप लावली. पाय आतून सत्तावीस. त्यांनी वही उघडली. धनेशच्या पानावर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात एकतीस लिहिलेलं होतं. मनोरमाने दोन्ही वेळा सुटालाच टेप लावली होती.

"मग त्याला तो बसला कसा?" मनोरमाने विचारलं.

जयवंतांना खरोखर भीती वाटली. त्यांनी आरशाचा खिळा तपासला. तो जागच्या जागी, गंज धरून पक्का होता. दोघांनी लवकर दुकान बंद केलं.

दहा दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, धनेशची बायको रचना दुकानात आली. तिच्या हातात मोठी पिशवी होती. तिने ती टेबलावर पालथी केली. सात पँटी पडल्या. साती जयवंतांच्या हातच्या.

"काका, परत आणल्यात," ती म्हणाली. "आखूड होताहेत."

जयवंतांनी कात्री उचलली, तेलाच्या फडक्याने पुसली आणि खणात ठेवायला हात पुढे केला. मनोरमाने तो हात घट्ट धरला.

"आधी मापा," ती म्हणाली. "मग काय तो सन्यास घ्या."

त्यांनी मापल्या. पाय आतून सत्तावीस, साती पँटींचे, सुताचाही फरक नाही. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "कपडा बरोबर आहे," ते म्हणाले.

"कपड्याला कोण काय म्हणतंय? माणूस वाढलाय." रचना स्टुलावर बसली. "चार इंच. हाडांच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला आधी कुणीतरी चुकीचं मोजलं असेल. आणि तिकडे गुलमर्गला काय झालं माहितीये? आमचे हे चिंचोटीच्या धबधब्याला पाय घसरेल म्हणून गाडीतून उतरत नाहीत. तिथे पहिल्याच दिवशी वरून खाली असे आले की बाजारातून भाजी घेऊन यावं. शिकवणारा बघतच राहिला. आता घरी पंखा फुल, खिडक्या उघड्या, तरी म्हणतात उकडतंय. झोपेत बोलतात. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्लिशपण नाही. कुणाला तरी हाका मारतात."

मनोरमाने नवऱ्याकडे पाहिलं. जयवंतांनी वही पुढे ओढली, धनेशचं पान काढलं आणि पेन हातात घेतलं.

"काय करताय?" रचनाने विचारलं.

जयवंत आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. चार केशरी कडी पिशवीतून काढून दाखवली. "चूक माझी आहे, पोरी," ते म्हणाले. "सुटाचं माप मी त्याच्या नावावर लिहिलं. हे एकतीस खोडतो, सत्तावीस लिहितो. मला वाटतं, सगळं पूर्वीसारखं होईल."

रचनाने वही आपल्याकडे फिरवली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे तो झोपेत बोलणारा जाईल?"

"बहुतेक."

"आणि हे परत येतील?"

"येतील असं वाटतं."

रस्त्यावर पाववाल्याची सायकल घंटी वाजवत गेली. रचनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"काका, तो सकाळी माझ्या आधी उठतो," ती म्हणाली. "चहा करतो. मला हातात आणून देतो. बसतो, आणि मी बोलते ते ऐकतो. बारा वर्षं झाली लग्नाला. त्याला अर्धं कळत नसेल, पण ऐकतो." तिने एक पँट पुढे सरकवली. "सोडता येतील का पँटी?"

जयवंतांनी एक पँट उलटी केली. आत बरोबर चार इंच माया होती. सगळ्यांतच होती.

"येतील," ते म्हणाले. "पण परत आलेलं काम मी करत नाही. मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"हे परत आलेलं नाहीच. नवीन गिऱ्हाईक समजा."

ही गोष्ट जयवंतांना पटली. मनोरमाला तर त्याहून पटली, तिने कात्री उचलून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, वर तारीख टाकली आणि थांबले.

"नाव काय लिहू?"

रचनाने दारातून बाहेर पाहिलं. पलीकडे स्कूटरपाशी तिचा नवरा उभा होता. जानेवारीच्या उन्हात तो घामाने निथळत होता आणि दूर तुंगारेश्वरच्या डोंगराकडे, जिथे कधीच काही पांढरं पडलेलं नाही तिथे, टक लावून बघत होता.

"तेच लिहा, काका," ती म्हणाली. "रेशनकार्डावर तेच आहे."