नात्याच्या रकान्यातले दोन सारस

एका जंगलात, मुलांनो, सगळे काही निसर्गनियमाप्रमाणे चालत असे. जंगलच ते. तिथे दुसरे काय चालणार?

त्या जंगलात 'वणवा' नावाचे एक वर्तमानपत्र निघे. त्याचा संपादक कोल्हा होता. ज्या बातमीला पुरावा असे ती आतल्या पानावर जाई. जिला पुरावा नसे तिला कोल्हा प्रश्नचिन्ह लावी आणि पहिल्या पानावर घेई.

तळ्याकाठी रंगनाथ आणि केरबा हे दोन सारस राहत. दोघेही नर. अकरा वर्षे एकाच घरट्यात होते आणि रोज सकाळी उठून भांडत.

"मासा शेपटीकडून गिळू नकोस. अडकेल," केरबा म्हणे.

"तुझ्या घशात अडकलाय का?" रंगनाथ म्हणे.

शेजारच्या पाणकोंबड्या म्हणत, "अगदी नवराबायकोसारखे भांडतात हो!" त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

एके दिवशी केरबाचा पंख कोळ्यांच्या मासेमारीच्या जाळ्यात सापडून मोडला. रंगनाथने त्याला कसेबसे दवाखान्यात नेले. तिथला वैद्य अस्वल होता, पण दवाखाना चालवी कासव. ते कारकून होते.

"रुग्णाशी नाते?" कासवाने विचारले.

"सोबत राहतो."

"सोबत उवाही राहतात. नाते सांगा."

"मित्र म्हणा."

"मित्राला आत सोडत नाही. आणि पंख बसवायचा तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. रकाना आहे तसा."

"त्याला दुसरं कोणी नाही हो."

"मग लग्न करा," कासव म्हणाले. हा विनोद होता. कासव वर्षातून एकदा विनोद करी.

रंगनाथने तो मनावर घेतला. त्याने सिंहाच्या दरबारात रीतसर अर्ज दिला. नियमाप्रमाणे तो वडाच्या बुंध्याला चिकटवण्यात आला. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

पंख मात्र पंधरा दिवसांत बसवला नाही तर वाकडाच जुळेल आणि केरबा पुन्हा उडणार नाही, असे वैद्याने सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी 'वणवा'चा मथळा आला : "सारसाला हवा सारस! जंगल हादरले!" जंगल मुळीच हादरले नव्हते. मथळा वाचल्यावर हादरले.

तिसऱ्या दिवशी : "यंदा पाऊस रुसणार?"

चौथ्या दिवशी : "अंडी कोण घालणार? रानकोंबडीचा खडा सवाल." रानकोंबडीने काहीच सवाल केला नव्हता. कोल्ह्याने तिला गाठून विचारले होते, "अंडी कोण घालतं?" ती म्हणाली होती, "मी." कोल्ह्याशी एवढे बोलून आपण जिवंत परतलो, यातच ती खूश होती.

मग हरकती आल्या. पहिली कोकिळेची. "अशाने कुटुंबसंस्था मोडेल. मुलांवर संस्कार कोण करणार?" कोकिळेची मुले त्या वेळी कावळीकडे होती.

दुसरी हरकत गोगलगायीची. "नर तो नर आणि मादी ती मादी, हाच निसर्ग." गोगलगाय स्वतः एकाच वेळी दोन्ही असते, पण तो तिचा घरगुती प्रश्न होता.

हरकती आल्या म्हणून तीस दिवसांची वाट न पाहता बाराव्या दिवशीच सुनावणी झाली.

"विवाह हे दोघांचे पवित्र बंधन आहे," सिंह म्हणाला. मागे बसलेल्या त्याच्या पाच सिंहिणींनी माना डोलावल्या. "दरबाराला अर्जदाराविषयी पूर्ण सहानुभूती आहे. परंतु हा प्रश्न पंचायतीचा आहे."

"हा प्रश्न दरबाराचा आहे," पंचायत म्हणाली.

"सरकार, मला फक्त आत जायचंय," रंगनाथ म्हणाला. "त्याला अस्वलाच्या हातचं गिळवत नाही."

यावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि समिती नेमली.

चौदाव्या दिवशी रंगनाथ दवाखान्याच्या दारात आला.

"काय झालं?" कासवाने विचारले.

"समिती."

कासवाने मान आत घेतली. बराच वेळ विचार केला. मग मान बाहेर काढली.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"सदोबा."

"आणि त्याच्या?"

"ठाऊक नाही. तो पोरका आहे."

"मग त्याचेही सदोबाच. भाऊ लिहा आणि सही ठोका."

"अहो, पण हे खोटं आहे!"

"म्हणून तर चालेल. भाऊ लिहिलं की पुरावा कोणी मागत नाही. मी तीस वर्षं रकाने भरतोय."

रंगनाथ आजवर खोटे बोलला नव्हता. आतून केरबाचे कण्हणे ऐकू आले. त्याने सही केली.

पंख बसला. केरबाने डोळे उघडले.

"रकान्यात काय लिहिलंस?"

"भाऊ."

"थोरला की धाकटा?"

"मी थोरला."

"म्हणजे मी आता तुला दादा म्हणायचं? त्यापेक्षा पंख वाकडा परवडला असता."

"मग मोडून देऊ का परत?"

अस्वल कासवाला म्हणाले, "सख्खे दिसतात."

दुसऱ्या दिवशी 'वणवा'ने छापले : "भाऊ असावा तर असा! पंधरवडाभर दारात उभा!" कोकिळेने मुलाखत दिली, "याला म्हणतात संस्कार." गोगलगायीला तर रडू आवरेना. समितीने दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

तुम्ही विचाराल, हे तेच दोघे, हे कोणाच्या लक्षात आले नाही का? आले की. सगळ्यांच्याच आले. पण आता ते कागदावर भाऊ होते, आणि कागद सर्वांना आवडला होता.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या तळ्यावरचा एक वयस्क सारस घरट्याशी आला. खाकरून म्हणाला, "आमच्या दोन मुली आहेत. तुमचं बंधुप्रेम वाचलं. म्हटलं, दोघी एकाच घरात दिल्या तर जावाजावांत तरी भांडण नाही."

रंगनाथच्या चोचीतला मासा खाली पडला. त्याने केरबाकडे पाहिले.

केरबाने मान अदबीने खाली घातली.

"आमच्या दादांशी बोला," तो म्हणाला. "थोरल्याचं उरकल्याशिवाय धाकट्याचा विषय कसा काढायचा?"

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे, म्हणजे समितीला काम मिळते. ज्याला दवाखान्यात आपल्या माणसाजवळ बसायचे असेल, त्याने खोटे बोलावे. समाज त्याला शाल देतो, श्रीफळ देतो आणि वर मुलगीही देऊ करतो.