कापडाचं नाक

सोनकांबळे कुणालाही नमस्कार करण्याआधी त्याची बाही चिमटीत धरत, खाली स्वतःचा तळहात ठेवत आणि वरून फुंकर मारत. फुंकर तळहाताला लागली तर "पास." नाही लागली तर "नापास. ह्याचं पोतं शिवा."

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमचं कार्यालय भाड्याच्या पत्र्याखाली भरायचं. पंखा एकच, तो साहेबांच्या डोक्यावर. त्यात दुष्काळ. टँकर मागायला गावंच्या गावं येत. अशा भट्टीत आम्ही सगळे ऐटीत टेरिकॉट घालून बसायचो. सुती कापड गरिबाचं, टेरिकॉट पगारदाराचं, अशी तेव्हा समजूत होती. एकटे आवक-जावक लिहिणारे सोनकांबळे फिक्या बदामी सुती सदऱ्यात, मांडवात आलेल्या जावयासारखे ताजे.

पहिल्याच दिवशी मी नायलॉनची साडी नेसून गेले. बाईमाणसाच्या पदराला हात कसा लावणार? त्यांनी लांबूनच हुकूम सोडला, "ताई, पदर तोंडापुढं धरा अन् फुंका."

मी फुंकलं. वारा माझ्या गालातच राहिला.

"कापडाला नाक असतंय, ताई. तुमच्या साडीचं कुणीतरी दाबून धरलंय."

मला याद्या करायची खोड. त्यांचे नियम मी वहीच्या मागच्या पानावर उतरवले. रंग फिका. काखेत ढील. खळ पातळ, कारण खळ घट्ट झाली की कापडाला पडसं होतं. कापड घाम टिपणारं घ्यावं, घाम कोंडणारं नव्हे. त्याखाली पास-नापासांची यादी. टँकरसाठी आलेल्या एका म्हाताऱ्याचं विटकं धोतर पास. त्याच्याबरोबरच्या पुढाऱ्याची चकचकीत सफारी नापास. पुढारी भडकला.

"मी टँकर मागायला आलो का कपडे दाखवायला?"

"टँकर मिळंल हो. पर अर्धा टँकर तुम्हीच सफारीत भरायलाव!"

अख्खं गाव हसलं. आमचे शिपाई खाजाभाई इतके हसले की दुष्काळात भरलेला माठ कलंडता कलंडता राहिला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी सुतीवर आले, खाजाभाईही आले. आणि मे महिन्यातल्या एका सकाळी सोनकांबळे आले ते गडद निळ्या टेरिकॉटच्या बुशशर्टात! गळ्यापर्यंत बटणं लावलेली, कानशिलांवरून धारा. इतक्या दिवसांच्या फुंकरींची परतफेड करायला आम्ही टपलेलोच होतो. खाजाभाई उठले, "साब, जरा बाही इकडं करा की!"

"आज नको, खाजाभाई." त्यांनी हात मागं घेतला. "आज माझी लेक येणार हाय."

बाराच्या सुमारास सुजाता आली. किनवटकडच्या एका आश्रमशाळेत नुकतीच शिक्षिका झालेली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, एवढं मला ठाऊक होतं. शर्ट तिनंच पहिल्या पगारातून कापड आणून शिवला होता. काजं सगळी तिरकी. बापाला पुढून-मागून न्याहाळून ती मला म्हणाली, "ताई, जन्मभर सुतीच घातलं ह्यांनी. विचारलं की म्हणायचे, कापडाला नाक असतंय. मला काय कळत न्हाई? माझ्या शिक्षणापायी चाललं होतं सगळं. म्हणून ह्या बारीला दुकानातलं सगळ्यात भारी घेतलं. बाबा, गरम तर होत न्हाई ना?"

सोनकांबळे कापडाबाबत कधी खोटं बोलले नव्हते. पुढाऱ्याशीसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्हीच बघा."

मी बाही चिमटीत धरली, खाली तळहात ठेवला आणि फुंकलं. भिंतीवर फुंकल्यासारखं झालं.

"पास," मी म्हणाले.

"पास, पास!" खाजाभाई साहेबांनाही ऐकू जाईल असं ओरडले.

वहीतही मी तसंच लिहिलं. त्या यादीत तेवढी एकच नोंद खोटी आहे.

बापलेकीनं डबा खाल्ला आणि ती किनवटच्या वाटेला लागली. सोनकांबळेंच्या खुर्चीला एक पिशवी अडकवलेली होती. तिच्यातून बदामी सुती बाही डोकावत होती.

"गेली ती. आता बदला की," मी म्हणाले.

त्यांनी एक तिरकं काज बोटानं सरळ करून पाहिलं.

"असू द्या, ताई. ऊन उतरायलंय आता."

घड्याळात दोन वाजले होते.